दोन आकड्यांमधला माणूस

रोही, म्हणजे नीलगाई, मारायचे परवाने मिळू लागले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पैनगंगेच्या खोऱ्यात पहाटे बंदुकीचा बार ऐकू आला तर गाई धुणारी बाई मान वर करून पाहतसुद्धा नसे. अभयारण्याची हद्द वाढवली, आतली गावं उठवून बाहेर वसवली, आणि मग वाघांपेक्षा रोही आणि रानडुकरंच जास्त वाढली. एका रात्रीत अख्ख्या तुरीचा फडशा. शेवटी पीकरक्षण मंडळ निघालं आणि तालुक्यातालुक्यात नेमबाजांची पथकं नेमली गेली. शिकार हा शब्द मंडळाला आवडत नसे. ते त्याला 'नियंत्रण' म्हणत.

त्या हिवाळ्यात नियंत्रणात एक माणूस मेला. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, काळं घोंगडं पांघरून राखणीला बसलेला म्हातारा लांबून नेमबाजाला डुकरासारखा दिसला. चौकशी झाली, नेमबाज तुरुंगात गेला आणि मंडळानं ठरवलं की सगळ्या पथकांना नव्या दुर्बिणी घ्यायच्या. अंतर मोजणाऱ्या, चांगल्या, एकाच बनावटीच्या. त्या निवडायचं काम आलं दादाराव इंगोल्यांकडे.

दादारावांनी सैन्यात लांब पल्ल्याची नेमबाजी शिकवली होती. निवृत्तीनंतर ते पथकाचे प्रमुख झाले होते. स्वभाव संशयी. त्यांची बायको शोभाताई सांगत, "लग्नात ह्यांनी अंतरपाटाच्या बाजूनं वाकून आधी पाहून घेतलं, नवरी तेच हाये का म्हून." मंडळाला असाच माणूस हवा होता.

लेझरनं अंतर मोजणं तसं सोपं असतं. बटण दाबलं की दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक ठोका सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटतो आणि परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. खरी मेख पुढेच असते. ठोका जाता जाता पसरतो. ज्या दुर्बिणीचा ठोका जास्त पसरतो ती रोह्याऐवजी अलीकडच्या बाभळीची काटकी मोजते. उन्हात आकडा दिसतो का, धुक्यात आकडा येतो का, काळ्या अंगावरून प्रकाश परततो का, चढावर उभ्या जनावराचं सरळ अंतर आणि गोळीच्या हिशेबाला लागणारं आडवं अंतर यांतला फरक ती ओळखते का, हे सगळं पाहावं लागतं. तीनशे मीटरपुढे अंतराची पन्नास मीटरची चूक म्हणजे जनावर जायबंदी होऊन रानात कुजणार.

तीन कंपन्यांच्या दुर्बिणी आल्या. एक पहिल्याच धुक्यात बाद झाली. उरल्या दोन. 'गरुड' जड होती, गळ्यात अडकवली की मान दुखे, आणि काडीकाटकीवर कधीकधी फसे. पुण्याच्या दृष्टिवेध कंपनीची 'सारथी' हलकी होती. काच इतकी स्वच्छ की लांबच्या बैलाच्या कानावरची गोचीड दिसावी. दादारावांनी टेपनं मोजून ठेवलेल्या पत्र्यांवर, पाण्याच्या टाकीवर, काळ्या म्हशीवर सारथी महिनाभर चालवली. ती एकदाही चुकली नाही.

"मंग घ्या ना काका," पथकातली सुनंदा आत्राम म्हणाली. "कायची वाट पाहून रायले?"

"चुकत नाही म्हूनच भ्याव वाटते."

सुनंदा हसली. ती पथकातली सगळ्यात नेमकी बंदूक. तिचं मूळ गाव आता अभयारण्याच्या आत होतं, म्हणजे नव्हतंच. ती पाच-सहा वर्षांची असताना ते उठलं होतं.

शेवटची चाचणी प्रत्यक्ष जनावरावर व्हायची होती. सकाळी ऊन वर आलं तेव्हा समोरच्या चढावर एक एकटा रोही उभा होता. काळपट निळा, थोराड नर. त्याच्यामागे पळसाची दाट झुडपं.

"तीनशे एकतीस," दादाराव सारथीतून पाहत म्हणाले.

"काका, गरुड तीनशे शहाण्णव म्हणते."

दादारावांनी पुन्हा बटण दाबलं. तीनशे एकतीस. महिनाभर न चुकलेली दुर्बीण आणि काटक्यांवर फसणारी दुर्बीण यांत कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. त्यांनी सारथीच्या आकड्यावर बंदूक लावली आणि चाप ओढला.

गोळी रोह्याच्या पायांच्या अलीकडे मातीत घुसली. धुळीचा लोट उठला, रोही उधळला, आणि पळसाच्या झुडपामागून एक म्हातारा दोन्ही हात वर करून उभा राहिला. शेळ्या राखणारा होता. गोळी नेमकी लागली असती, तर रोह्याच्या अंगातून आरपार जाऊन त्याच्याकडेच गेली असती.

"देवानंच वाचोलं," सुनंदा म्हणाली.

दादाराव मात्र हातातल्या दुर्बिणीकडे पाहत राहिले. देवावर त्यांचा विश्वास होता, पण देव पासष्ट मीटरचा हिशेब चुकवून माणूस वाचवत असेल, हे त्यांना पटेना.

दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी आले. तेच झुडूप, तीच वेळ. सारथी म्हणाली चारशे दोन, गरुड म्हणाली चारशे दोन. मग काल काय झालं होतं? डोळ्यांवर संशय घेऊन त्यांनी डोळे तपासून आणले. कंपनीनं दाखवायला वेगळा नग दिला असेल म्हणून दुकानातून दुसरा मागवला; तोही चारशे दोनच म्हणाला. सुनंदानं आकडा चुकीचा वाचला असेल असंही त्यांच्या मनात आलं, आणि ते तिच्या लक्षात आलं. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी ते तिला म्हणाले, "सुनंदा, त्या पळसामागं जाऊन बस बरं."

"माह्यावर गोळी चालवता का आता?"

"बंदूक गाडीतच ठेवली. जाय तं खरं."

ती झुडपामागे दिसेनाशी झाली. गरुड : चारशे दोन. सारथी : तीनशे पस्तीस. दादारावांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. दोन्हीकडे चारशे दोन. झुडपामागे शेळी बांधली. दोन्हीकडे चारशे दोन. सुनंदा पुन्हा बसली. तीनशे पस्तीस.

दुर्बीण चुकत नव्हती. ती खोटं बोलत होती, आणि कुणासाठी बोलायचं हे तिला ठाऊक होतं.

त्यांनी कंपनीला फोन केला. विक्रेता गोडगोड बोलायला लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माणूस समोर असला की तुमची दुर्बीण अंतर चोरते. हे मी मंडळात सांगू, का तुम्ही येता?" चौथ्या दिवशी पुण्याहून एक बाई एकटीच गाडी चालवत आली. डॉ. ऋजुता अभ्यंकर. सारथी तिनं घडवली होती. चाळिशीची, केस आखूड कापलेले, प्रवासानं डोळे लाल.

"हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंय?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"आधी मला कळू द्या, मॅडम. मग सांगायचं काय ते ठरवू."

शोभाताईंनी चहा आणून ठेवला. तो निवेपर्यंत ऋजुता बोलत होती.

"माणसाचं हृदय धडधडतं तेव्हा त्याचं सगळं अंग अगदी थोडं थरथरतं. कातडीही, अंगावरचा सदराही. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. त्या थरथरत्या अंगावरून परतणाऱ्या लेझरच्या लाटा तेवढ्याच डळमळतात. सारथी एक ठोका सोडत नाही, सेकंदाला हजारो सोडते. परत आलेल्या लाटा ती एकमेकींशी ताडून पाहते. त्यातून तिला नाडी दिसते. आम्ही त्याला नाडीकिरण म्हणतो."

"पण सुनंदा तं झुडपामागे होती."

"तुम्हाला जिथून काही दिसत नाही अशा फटींतूनही थोडा प्रकाश जातो आणि येतो. तेवढा पुरतो. लाकडातून, भिंतीतून जात नाही. पानांतून मात्र वाट काढतो."

"अन् रोह्याची नाडी?"

"रोह्याची चाल वेगळी, शेळीची वेगळी. माणसाची ओळखू येते. ती दिसली की सारथी अंतर कमी सांगते. नेहमी कमीच. म्हणजे नेमबाज नळी कमी उचलतो आणि गोळी अलीकडे जमिनीत जाते. आमच्यात याला दयादोष म्हणतात. दयेपोटी मुद्दाम ठेवलेला दोष."

दादारावांनी कप खाली ठेवला. "मग सरळ लिहून का दाखवत नाही? 'समोर माणूस आहे' म्हणून?"

"दोन कारणं. ज्याला माणूसच मारायचाय, तो अशी दुर्बीण घेणार नाही किंवा ती सोय बंद करून घेईल. माहीत नसलेली गोष्ट बंद करता येत नाही. आणि दुसरं म्हणजे कायदा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय लपलेला माणूस शोधून दाखवणारं यंत्र वापरायला बंदी आहे. तो कायदा चांगला आहे, इंगोलेसाहेब. म्हणून सारथी कुणाला काही दाखवत नाही. फक्त चुकते."

"अन् डुक्कर माणसाच्या अंगावर चालून गेलं असलं तर? मी डुकराला मारायला जाईन आणि ही बया मला चुकवेल."

"तसं होऊ शकतं," ऋजुता म्हणाली. "पण घोंगडं पांघरलेल्या त्या म्हाताऱ्याच्या घरी मी चौकशी समितीबरोबर, दुर्बिणींची जाणकार म्हणून, गेले होते. त्याच्या सुनेनं मला ते घोंगडं दाखवलं. त्यानंतर मी हे केलं. तुम्ही सारथी निवडा. आणि कृपा करून बोलू नका."

ती गेल्यावर दादाराव बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. शेळीवाल्याचे वर केलेले हात त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. पण खोटं बोलणारं हत्यार सांगितल्याशिवाय आपल्या माणसांच्या हाती द्यायचं? सैन्यात त्यांनी पोरांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आपल्या साधनाचा दोष आपल्याला ठाऊक पाहिजे. तो दया असला म्हणून काय झालं?

मंडळाच्या बैठकीत त्यांनी सारथीचीच शिफारस केली आणि खरं ते सांगून टाकलं. लोकांना कळलं तर ते अधिक जपून वागतील, असं त्यांना वाटत होतं. दोष कसा सापडला, तेही त्यांनी हातवारे करून सांगितलं. हातात दोन्ही दुर्बिणी, आकड्यांतला फरक, झुडपामागे सुनंदा. एकदोघांनी कंपनीवर खटला भरायची भाषा केली.

टेबलाच्या टोकाला लोटलीकर नावाचे एक गृहस्थ बसले होते. ते कोणत्या खात्यातून आले होते, कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण बैठकीत त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"एकट्या सारथीवरून हे कळत नाही? शेजारी खरं बोलणारी दुर्बीण लागते?"

"हो साहेब."

"आणि पानांच्या आड, डोळ्याला अजिबात न दिसणारा माणूससुद्धा?"

"तोही," दादाराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना वाटलं, आपण काहीतरी देऊन टाकलं.

लोटलीकरांनी हसून मान डोलावली. "फार मोलाचं काम केलंत, इंगोले."

महिन्याभरात नव्या दुर्बिणी आल्या. प्रत्येक पथकाला एक गरुड, एक सारथी, दोन्ही एकाच तीन पायांच्या तिकाटण्यावर शेजारी शेजारी बसवलेल्या. एकच बटण दाबायचं, दोन आकडे यायचे. साहेबलोक तिला 'जोडदुर्बीण' म्हणत. माणूस शोधणाऱ्या यंत्राला बंदी होती. दोन दुर्बिणी जवळजवळ ठेवायला बंदी नव्हती.

दादारावांनी ऋजुताला फोन लावला. "मॅडम, तो दोष काढून टाका. नवीन दुरुस्ती पाठवा, काहीही करा."

"काढला तर पुढच्या हिवाळ्यात आणखी कुणाच्या घरी घोंगडं पाहायला जावं लागेल," ती म्हणाली. आवाज थकलेला होता. "आणि आता माझ्या हातातही नाही. सारथीत काडीचाही बदल करायचा नाही असं आम्हाला कळवलंय. माझ्या हातून आजवर एवढी खपलेली वस्तू झाली नव्हती. इंगोलेसाहेब, तुम्ही गप्प राहिला असतात..."

पथकाची कामं बदलली. शेतांऐवजी आता अभयारण्याच्या कडेच्या टेकड्यांवर बसायचं. वायरलेसवर विचारलं की दोन आकडे सांगायचे. बंदूक न्यायची गरज नाही, असंही एकदा सांगण्यात आलं. कुठलं नियंत्रण, कसलं पीक, कुणी बोलत नव्हतं.

सुनंदानं विचारलं, "काका, रोही तं शेतात येते. मंग आपण जंगलाच्या आत काऊन पाहून रायलो?"

"मले तरी काय सांगतात?"

"तुमाले कयते," ती म्हणाली. "मले पन कयते."

जंगलाच्या आत तिच्या उठवलेल्या गावाचं देवाचं ठाणं होतं. मोहाच्या झाडाखाली चार दगड. तिथे जायला बंदी होती आणि लोक जात होते. उन्हाळा लागताना मोह फुलला की दोन-तीन दिवस, लेकराबाळांसकट, झुडपाझुडपांतून चोरवाटेनं. सुनंदाची आईही जायची. हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं आणि आजवर कुणाला सापडत नव्हतं.

मोह गळायला लागला त्या आठवड्यात सुनंदानं रजा मागितली. दादारावांनी कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेकडीवर एकटे होते. खाली ओढ्याच्या काठानं करवंदीची गच्च जाळी पसरली होती. पान हलत नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. गरुड : चारशे बारा. सारथी : तीनशे पंचेचाळीस. जोडदुर्बीण थोडी उजवीकडे वळवली. पुन्हा फरक. आणखी उजवीकडे. पुन्हा. एका ठिकाणी आकडे क्षणभर जुळले, सुटले, जुळले, जणू तिथे कुणीतरी लेकराला ओढून खाली बसवत होतं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि त्या जाळीत माणसंच माणसं होती.

वायरलेस खरखरला. "इंगोले, ओढ्याची जाळी सांगा."

दादारावांनी सैन्यात आणि सैन्याबाहेर हजारो अंतरं सांगितली होती. चुकून चूक झाली असेल, जाणूनबुजून कधी नाही. त्यांनी ओठ ओले केले.

"चारशे बारा."

"दोन्ही?"

"दोन्हीकडे चारशे बारा."

मग पलीकडचा आवाज बदलला. तो लोटलीकरांचा होता, तसाच नम्र. "समोरच्या कड्यावर आमची दुसरी जोडी आहे, इंगोले. तिच्यावर जाळीत फरक दिसतोय. आम्हाला वाटलं तीच बिघडली, म्हणून आत्ता तुमच्यावर लावून पाहिली. तुम्ही बसलाय तिथे फरक अगदी बरोबर येतोय. तेव्हा ती चांगली आहे. तुम्ही पुन्हा एकदा मोजा."

दादारावांनी समोरच्या कड्याकडे पाहिलं. नुसता खडक आणि ऊन. त्यांनी पुन्हा मोजलं. छाती इतक्या जोरात धडधडत होती की आकडे डोळ्यांसमोर हलत होते.

"चारशे बारा," ते म्हणाले. "दोन्हीकडे."

"ठीक आहे," लोटलीकर म्हणाले.

दुपारपर्यंत वनरक्षकांच्या गाड्या ओढ्यापाशी पोचल्या. कुणाला मारहाण झाली नाही. नावं विचारली, गाडीत बसवलं, तालुक्याला नेलं. सुनंदाची आई त्यांत होती, आणि सुनंदाही. दोन दिवसांनी सगळ्यांना सोडलं, पण पुनर्वसनाची घरं परत का घेऊ नयेत, याचा जाब मागून.

दादारावांना शिक्षा झाली नाही. लोटलीकर स्वतः घरी आले, शोभाताईंच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, वयानं नजर चुकते, त्यात लाज कसली. पुढच्या जोडदुर्बिणी अशा असतील की दोन्ही आकडे आपले आपण कचेरीत जातील. वाचून सांगायला कुणी बसावं लागणार नाही. तुमच्यासारख्यांना उन्हातान्हात त्रास नको. दादारावांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

आठवड्यानं ते सुनंदाच्या घरी गेले. ती अंगणात नव्हती. तिची आई म्हणाली, चिंचेखाली आहे. चिंच गावाबाहेर होती, जुनी, चौघांच्या कवेत न मावणारी. सुनंदा बुंध्याला पाठ लावून बसली होती. आणखी दोन बायाही तिथेच बसून चिंचा फोडत होत्या, तिघीही एकाच बाजूला, उन्हात. दुसऱ्या बाजूला दाट सावली होती आणि ती रिकामी होती.

"उन्हात काऊन बसल्या वो?" दादारावांनी सावलीतून विचारलं.

"तिकडून टेकडी दिसते," सुनंदा म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "लाकडातून जात नाही म्हणे ते. तुमीच सांगतलं होतं ना एक डाव, पुन्याची मॅडम बोलली म्हून."

"हे तं तुमचंच शिवार हाये. इथं बसायले कोणाची बंदी हाये?"

"आज नाही."

दादारावांना म्हणायचं होतं की मी खोटं बोललो, दोनदा बोललो, तुमच्यासाठी. ते त्यांनी म्हटलं नाही. तिला ते ठाऊक होतं, आणि त्यानं काही झालं नव्हतं. त्यांनी टेकडीकडे पाहिलं. तिथे कुणी असेल, नसेलही. दिवसा चांदण्या जशा असून दिसत नाहीत, तसे तिथले डोळे त्यांना वाटले.

"बसा ना काका," सुनंदा म्हणाली.

ते सावलीतून निघून बुंध्याला वळसा घालून या बाजूला आले आणि बायांच्या शेजारी, उन्हात, पाठ लाकडाला घट्ट लावून बसले. एकीनं सरकून जागा दिली.